टॅपेट टाइट केले, आवाज गेला, आणि आता गाडी गरम झाली की स्टार्ट होत नाही

वाचकाची अडचण थोडक्यात: मोठ्या भावाने वापरलेली 150 सीसीची मोटरसायकल आता यांच्याकडे आहे. वय 18 वर्षं, एक सिलिंडर, एअर-कूल्ड, कार्बोरेटरवाली. काही महिन्यांपूर्वी इंजिनातून टिक-टिक सुरू झाली, सकाळी थंड असताना जोरात, थोडं अंतर चालवली की बरीच कमी. एका मेकॅनिकने टॅपेट टाइट करून दिले, आवाज जवळपास गेला. पण तेव्हापासून गाडी गरम असताना बंद केली की लवकर स्टार्ट होत नाही, आयडलिंगला बंद पडते, आणि सकाळची टिक-टिक थोडी आहेच. दुसरा मेकॅनिक लांबूनच ऐकून म्हणाला, रॉड वाजतोय, इंजिन खोलावं लागेल. मित्र म्हणतो जाड ऑइल टाक, आवाज दबेल. घरचे म्हणतात दबलाय तोवर विकून टाक. जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की हे सगळं सुरू व्हायच्या थोडं आधी सायलेन्सर काढून वेल्डिंग करून घेतलं होतं, "पण त्याचा याच्याशी संबंध नसावा". प्रश्न असा, की इंजिन खोलू, जाड ऑइल टाकू की विकू? आणि त्यांचं शेवटचं वाक्य, "मला फक्त हा आवाज कायमचा बंद करायचाय."

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण मला वाटतं सगळं तिथेच अडकलंय. जुन्या गाडीची टिक-टिक एकदा कानात बसली की दुसरं काही ऐकूच येत नाही, सिग्नलला थांबलं तरी लक्ष खाली इंजिनकडेच, हे मला कळतं. पण आवाज बंद होणं वेगळं आणि गाडी बरी होणं वेगळं. पहिल्या मेकॅनिकला तुम्ही आवाज घालवायला सांगितलंत आणि त्याने तो घालवला. त्याला फार दोष द्यावा असं मला वाटत नाही, बहुतेक लोक तेच मागतात आणि आवाज राहिला तर परत येऊन भांडतात. पण तुमच्या बाबतीत त्या शांततेचा त्रास आता व्हॉल्व्हला होतोय असा माझा दाट संशय आहे.

संशय का, ते सांगतो. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागात, दोन व्हॉल्व्ह, एक पेट्रोल-हवा आत घ्यायला (इनटेक), एक धूर बाहेर सोडायला (एक्झॉस्ट), आणि कॅम नावाचा उंचवटे असलेला दांडा फिरला की रॉकर नावाची तरफ त्यांना दाबून उघडते. रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, टॅपेट सेटिंग म्हणजे हीच फट. तुमच्यासारख्या छोट्या इंजिनात ती साधारण 0.05 ते 0.10 मिमी असते, जवळपास माणसाच्या केसाएवढी, आणि इनटेकची वेगळी, एक्झॉस्टची वेगळी असू शकते, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्येच बघायचा. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते, तिला ही जागा लागते. फट नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, किंचित उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, निसटतं. मग थंड असताना सगळं ठीक आणि गरम झाली की किक मारून मारून पाय दुखतो, आयडलिंगला मरते. तुम्ही लिहिलेली लक्षणं अगदी हीच आहेत आणि ती टॅपेट टाइट केल्यापासून सुरू झाली हेही तुम्हीच लिहिलंय.

हे नुसतं स्टार्टिंगपुरतं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी जळता धूर अंगावर घेतो आणि ती उष्णता मुख्यतः कधी सोडतो तर बंद होऊन सीटवर टेकतो तेव्हा. नीट टेकलाच नाही तर त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, कडा जळायला लागते, आणि मग मात्र खरंच हेड उतरवावं लागतं. सैल टॅपेटही चांगला नाही, तो वाजतो, भाग ठोकून ठोकून झिजतात, पॉवर थोडी कमी होते, पण हे सगळं हळूहळू होतं आणि ऐकू येत असतं. टाइट टॅपेटचा काही आवाजच नसतो, म्हणून तो जास्त धोक्याचा. जुन्या एअर-कूल्ड इंजिनात हलकी, एकसारखी टॅपेटची टिक-टिक असेल आणि फट मोजून बरोबर निघाली असेल तर ती तशीच राहू द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही, व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजत गेला की फट आपोआप कमी होत जाते, त्यामुळे वाजणारी गाडी कुणी हात न लावता गप्प झाली तर खूश व्हायच्या आधी टॅपेट मोजा.

तेव्हा पहिलं काम, टॅपेट मोजून घ्या. नुसतं "थोडे सैल करा" असं सांगून परत कानाच्या भरवशावर सोडू नका. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली, बऱ्याच मॅन्युअलमध्ये 35 अंश सेल्सिअसच्या खाली असं लिहिलेलं असतं. स्वतः करणार असाल तर प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं, टॅपेटची दोन्ही झाकणं काढा, आणि मॅग्नेटच्या बाजूच्या छोट्या खिडकीतून बघत मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) बॉडीवरच्या खुणेला लावा. इथे बरेच जण फसतात, कारण टी खूण प्रत्येक फेरीला येते आणि फोर-स्ट्रोकला एका चक्रात फेऱ्या दोन, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. मोजायचं ते कॉम्प्रेशनला. एरवी सोपी ओळख अशी की कॉम्प्रेशनला दोन्ही रॉकर बोटाने किंचित खुळखुळतात, पण तुमचे टॅपेट टाइट असतील तर ते तिथेही हलणार नाहीत आणि तुम्ही गोंधळाल, म्हणून इनटेकच्या रॉकरकडे बघत इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा, तो व्हॉल्व्ह दाबला जाऊन पूर्ण वर आला की त्यानंतर येणारी पहिली टी खूण कॉम्प्रेशनची.

फट मोजायच्या फीलर गेजची ठरावीक जाडीची पाती आत-बाहेर ओढताना हलकी अडली पाहिजे, घट्ट नाही आणि मोकळीही नाही. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत थोडा फिरतो आणि फट बदलते, म्हणून नट आवळून झाल्यावर परत मोजायचंच, घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. आणि जुन्या गाडीत अजून एक भानगड, स्क्रूच्या तोंडाला किंवा व्हॉल्व्हच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पाती खड्ड्याच्या कडांवर टेकते, आतली खोली मोजलीच जात नाही, गेज बरोबर दाखवतं आणि टॅपेट तरीही वाजतोच. कदाचित पहिल्या मेकॅनिकनेही असंच काही बघून फट अजून कमी केली असेल. टॉर्च मारून ती तोंडं बघून घ्या, स्क्रू बदलणं छोटं काम आहे.

मेकॅनिककडेच करायचं असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडून या, आणि काम झाल्यावर फट किती निघाली आणि किती केली हे मिमीमध्ये विचारा. आकडा सांगता आला नाही तर मोजलेलं नाही असं समजा. (बाकीच्या वाचकांसाठी, हे सगळं स्क्रूवाल्या टॅपेटचं झालं. काही इंजिनात जाडी बदलून लावायच्या शिम असतात, ते काम वेगळं आणि वेळखाऊ. हायड्रॉलिक टॅपेटवाल्या इंजिनात सेटिंगच नसतं, तिथे बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ टिक-टिक झाली आणि टॅपेटमध्ये आपोआप ऑइल भरलं की थांबली तर काळजी नको.)

आता ते सायलेन्सरचं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. बेंड पाइप, म्हणजे इंजिनकडून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, हेडला जिथे लागतो तिथे मधे पॅकिंगची रिंग असते, ती एकदा दबली की तशीच बसते, पाइप काढून परत लावला की जुनी रिंग नीट सील करेलच असं नाही. वेल्डिंगमध्ये पाइपचा कोन जरासा जरी बदलला तरी फ्लँज, म्हणजे पाइपच्या तोंडाची जोडपट्टी, एका बाजूला उघडी राहते. मग प्रत्येक फायरिंगला थोडा धूर तिथून सटकतो आणि त्याचा आवाज हुबेहूब टॅपेटसारखा येतो, जागाही तीच, हेडजवळ, लयही तीच. थंड असताना जोरात, धातू तापून फुगला की फट भरते आणि आवाज कमी होतो. तुमची टिक-टिक अगदी याच वेळापत्रकाने चालते. मग टॅपेट टाइट केल्यावर कमी का झाली, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं दोन आवाज एकात एक मिसळलेले होते, टॅपेटचा नेहमीचा आणि या गळतीचा, त्यातला पहिला दाबला गेला आणि दुसरा सकाळी अजून ऐकू येतोय.

तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बेंड पाइपच्या जोडावर साबणाचं पाणी शिंपडा आणि स्टार्ट करून लगेच बघा, बुडबुडे आले तर सापडलं, पाइप तापायच्या आत बघायचं, नंतर पाणी उडून जातं. किंवा दुसऱ्या कुणाला जाड कापडाची घडी सायलेन्सरच्या मागच्या तोंडावर दोन-तीन सेकंद धरायला सांगा, पुढची टिक-टिक वाढली तर गळती आहे. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर तीही खूणच. हे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नको, तो धूर विषारी असतो. गळती निघाली तर नुसते नट आवळत बसू नका, नवीन रिंग घाला, आणि दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. 18 वर्षांचे स्टड गंजलेले असणार, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, जोर लावून स्टड तुटला तर छोट्या कामाचं मोठं होऊन बसतं.

रॉडचं काय मग? दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं मी सरळ उडवून लावणार नाही, पण रॉडचा आवाज असा नसतो. पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी (क्रँक) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं की आवाज खालून, क्रँककेसमधून येतो, जड ठोका असतो, ठक-ठक, आणि लोड घेताना किंवा अॅक्सिलरेटर सोडताना जास्त जाणवतो. मुख्य म्हणजे गरम झाल्यावर तो कमी होत नाही, ऑइल पातळ झालं की उलट वाढतो. रॉडला पिस्टनशी जोडणाऱ्या वरच्या गजन पिनचा आवाज जास्त टोकदार असतो, कधी कधी दुहेरी ठोका वाटतो. पिस्टन बोअरमध्ये सैल असेल तर थंड असताना वाजतो आणि गरम झाला की कमी होतो, हे तुमच्याशी जुळतं खरं, पण तो आवाज बोथट असतो आणि लोडवर स्पष्ट होतो.

जागा ओळखायला लांब स्क्रूड्रायव्हर किंवा लाकडी दांडा पुरतो, एक टोक इंजिनवर, दुसरं टोक कानाच्या मागच्या हाडाला, आणि टॅपेटचं झाकण, सिलिंडर, कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनची बाजू, क्लच कव्हर, क्रँककेस असं एकेक ठिकाण ऐकत जायचं. धातूत आवाज पसरतो त्यामुळे सगळीकडे थोडा येणारच, सगळ्यात जोरात कुठे हे शोधायचं. बाह्या वर करा, फिरणाऱ्या चेनपासून लांब राहा.

फोनवर रेकॉर्डिंग करून त्याची लाट बघता येते, त्यातून एक उपयोगी गोष्ट कळते. समजा आयडलिंग 1200 आरपीएम आहे, तर क्रँक सेकंदाला 20 फेऱ्या मारतो, एक फेरी 50 मिलिसेकंदांची, आणि कॅम त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे एक फेरी 100 मिलिसेकंदांची. एकच टिक दर 100 ला येत असेल तर कॅम-व्हॉल्व्हकडचं काहीतरी, दर 50 ला येत असेल तर क्रँक-पिस्टनकडे बघायचं. पण यावर डोळे झाकून विसंबू नका, कारण फायरिंगही दोन फेऱ्यांत एकदाच होतं, त्यामुळे सायलेन्सरची गळतीही दर 100 लाच वाजते, आणि दोन्ही टॅपेट सैल असतील तर 100 मध्ये दोन टिक येतात, कमी-जास्त अंतराने. म्हणजे लय बघून संशयितांची यादी छोटी होते, एवढंच.

बाकीचे संशयित भराभर सांगतो, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाचा आवाज तुमच्यासारखा नसणार. टायमिंग चेन सैल झाली किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर अडकला तर टिक-टिक कमी आणि खरखर-खुळखुळ जास्त, सिलिंडरच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत, अॅक्सिलरेटर सोडताना स्पष्ट. हा पुढे ढकलायचा नाही, चेनने दात सोडून उडी मारली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लच किंवा प्रायमरीकडे (क्रँककडून क्लच फिरवणाऱ्या गिअरकडे) बघा. चढावर कमी आरपीएमला अॅक्सिलरेटर पिळल्यावरच खणखण येत असेल तर ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल-हवा अवेळी भडकणं, आणि कारण ठिणगीचं टायमिंग, आत साचलेला कार्बन, लीन (पेट्रोल कमी असलेलं) मिक्श्चर किंवा पेट्रोल. प्लग सैल असला तरी टिक-टिक येते, आणि प्लगची वायर चिरलेली असेल तर अंधारात ठिणगी उडताना चक्क दिसते. फिन्समधले (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांमधले) रबर पडले असतील तर फिन्स झणझणतात. एकाच ठरावीक आरपीएमला येणारा आवाज बरेचदा सायलेन्सरच्या गार्डचा किंवा सैल बोल्टचा निघतो. आणि गाडी बंद केल्यावर येणारी टिक-टिक ही धातू थंड होण्याची, ती सोडून द्या.

ऑइलबद्दल मित्राचं ऐकू नका, एवढं ठामपणे सांगतो. मॅन्युअलपेक्षा जाड ऑइल टाकलं की आवाज थोडा दबतो, पण त्याचं मूळ न सापडता तसंच राहतं, आणि थंड स्टार्टला ऑइल हेडपर्यंत पोहोचायला जास्त वेळ घेतं, म्हणजे जिथे झीज व्हायची भीती तिथेच उशीर. पण ऑइल तपासा मात्र आजच. या आकाराच्या इंजिनात सगळं मिळून साधारण एक लिटर ऑइल असतं, त्यातलं 200-300 मिली कमी झालं तरी फरक पडतो. गाडी साइड स्टँडवर नको, सरळ उभी, आणि डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे मॅन्युअल सांगतं तसंच. वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल आत येणं थांबवणारी सुई) गळत असेल आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असेल, अशा पातळ ऑइलवर सगळंच वाजतं. बदलताना मॅन्युअलमधली ग्रेड आणि ओल्या (ऑइलमध्ये चालणाऱ्या) क्लचसाठीचं जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं ऑइलच घ्या, आणि काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवा. चुंबकाला लागलेला बारीक राखाडी लेप चालतो, डोळ्यांना दिसणारे तुकडे चालत नाहीत.

इंजिन खोलायचा निर्णय या तुकड्यांवर, खालून येणाऱ्या ठोक्यावर, किंवा दर आठवड्याला वाढत जाणाऱ्या आवाजावर घ्यायचा. यातलं काही दिसलं तर त्या दिवसापासून गाडी चालवू नका, ढकलत किंवा टेम्पोत न्या. आणि खोललंच, तर समोर उभे राहा, सिलिंडर निघाल्यावर रॉड वर-खाली हलवून दाखवायला सांगा. खालच्या बेअरिंगला वर-खाली खेळ असता कामा नये. बाजूला थोडा हलतो तो मुद्दाम ठेवलेला असतो, तो दाखवून रॉड गेलाय असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका.

विकायचं की ठेवायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा, जुनी गाडी विकण्यात वाईट काही नाही. पण आता, टॅपेट टाइट असताना, आवाज दबलाय म्हणून विकू नका. घेणाऱ्याला गाडी शांत वाटेल, तो आनंदाने नेईल, आणि काही महिन्यांत त्याचा व्हॉल्व्ह जळेल. तुम्हाला ते बरं वाटणार नाही हे तुमच्या पत्रावरूनच कळतं, नाहीतर तुम्ही मला लिहिलंच नसतं. आणि नुसत्या सेटिंगवर आणि एका पॅकिंगवर गाडी ठीक होणार असेल तर कदाचित विकावीशी वाटणारही नाही.

टॅपेट बरोबर मोजून होईपर्यंत लांबचा प्रवास टाळा. दोन्ही कामं एकाच दिवशी करून घेऊ नका, आधी टॅपेट, मग दोन-तीन दिवस चालवून सकाळचा आणि गरम असतानाचा आवाज एकाच जागी फोन धरून रेकॉर्ड करा, मग पॅकिंग, म्हणजे कशाने काय बदललं ते कळेल. फट बरोबर झाल्यावरही गरम स्टार्टिंगचा त्रास राहिला तर हेड उतरवायच्या आधी लीक-डाउन टेस्ट करून घ्या. त्यात प्लगच्या जागेतून हवा भरतात आणि ती कुठून निसटते ते ऐकतात. कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायला लागलाय असं समजा. मग फक्त हेडचं काम करून घ्या, पूर्ण इंजिन खोलायला सांगितलं तर नाही म्हणा.